तेजोबाबांची पांढरी खुर्ची

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना खुर्च्या मिळाल्या ते बसले होते, ज्यांना मिळाल्या नाहीत ते भिंतीला टेकून उभे होते, आणि ज्यांना भिंतही मिळाली नाही ते एकमेकांना टेकून. समोर मोठा पडदा. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतले बाबा, आणि बाबांच्या डोक्याभोवती, खांद्यांभोवती मऊ दुधी उजेड. बाबांनी मान हलवली की तो उजेडही हलायचा. लोकांच्या तोंडाचा आ व्हायचा, कुणीतरी हुंदका द्यायचं, आणि मुख्य सेवक बटण दाबून तेच दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावायचा. सकाळपासून ही नववी वेळ होती.

"मी काही करत नाही," स्टेजवरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले खरे बाबा माइकवर म्हणाले. "मी फक्त बाजूला होतो. मी बाजूला झालो की ते आपोआप येतं."

बाजूला होण्याविषयी एवढं बोलणारा हा माणूस दोन तासांत त्या खुर्चीतून तसूभर हलला नव्हता.

"तुम्ही म्हणाल, बाबा, तुम्ही समोर बसलाय, मग आम्हाला नुसत्या डोळ्यांनी तेज का दिसत नाही? पडद्यावरच का दिसतं?" बाबा गोड हसले. "कारण तुमच्या डोळ्याला अहंकार आहे. कॅमेऱ्याला नाही."

टाळ्या. काय बोलले, काय बोलले, म्हणून माणसं एकमेकांकडे बघू लागली. अडचणीचा प्रश्न आपणच विचारायचा आणि उत्तर असं द्यायचं की पुढचा प्रश्न विचारणाराच अहंकारी ठरावा, ही बाबांची हातोटी होती. तिच्यावर त्यांचं बरंच चाललं होतं.

मग मुख्य सेवक पुढे आला. "काही शंकेखोर म्हणतात की हे कॉम्प्युटरवर केलंय. ज्यांनी हे चित्रण केलं ते स्वतः इथे आहेत. या, वर या."

तिसऱ्या खांबाआड उभा असलेला एक किरकोळ माणूस नाइलाजाने पुढे आला. खिशातून चिकटपट्टी लोंबत होती. सेवकाने माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"सांगा सगळ्यांना. नंतर कॉम्प्युटरवर काही केलं? काही घातलं, काही वाढवलं?"

"नाही," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात जे आलं तेच आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं सफाईदार खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण बसली होती. पदराने डोळे टिपत ती शेजारणीला सांगत होती, "माझा भाऊ. धाकटा." त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि खाली उतरला.

या माणसाला धंद्यात सगळे एकखांबी म्हणायचे. छोट्या सिनेमात कॅमेरा धरणारा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. म्हणायला छायालेखक, पण दिवे टेम्पोत चढवायचे त्यानेच, वायरी गुंडाळायच्या त्यानेच, आणि वाऱ्यात उजेड परतवायचा थर्माकोलचा पत्रा धरायला कुणी नसलं तर तो गुडघ्याने दाबून ठेवून कॅमेऱ्यात बघायचंही त्यानेच. तंबू सगळा एका खांबावर. चौदा वर्षं हेच चाललं होतं. त्यातले निम्मे सिनेमे कुठे लागलेच नाहीत, आणि जे लागले त्यांत त्याचं नाव वाचण्याआधीच लोक चपला शोधायला लागलेले असत.

आता हे तेज आलं कुठून ते सांगतो, कारण एकखांबीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाबांच्या आधी तो एक प्रेमकथा करत होता. नायिका पंचविशीची, तिचं काम करणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या, आणि त्या निर्मात्याच्या पत्नी. म्हणजे बोलायची सोय नाही. अशा वेळी धंद्यात एक जुनी युक्ती आहे. बारीक काळ्या जाळीचा तुकडा लेन्सच्या मागच्या तोंडावर ताणून चिकटवायचा. चेहऱ्यावरच्या रेषा विरघळतात, आणि चित्रात जे काही लखलखीत असेल त्याच्या कडेने उजेड पसरतो. एकखांबीने तो तुकडा ताईच्या टोपलीतून आणला होता. ताई कपडे शिवायची. कुठल्याशा झग्याची काळी जाळी उरली होती, ती तिने नागमोडी कात्रीने गोल कापून दिली. "सुटे धागे निघायला नकोत तुझ्या त्या महागड्या काचेवर," असं म्हणाली होती.

मोठ्या सिनेमात शूटिंग संपलं की लेन्स साफ करून तपासून ठेवायला वेगळा माणूस असतो. एकखांबीकडे तो माणूस म्हणजे एकखांबीच. प्रेमकथा संपली, त्याने दमून सगळं पेटीत भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लेन्स घेऊन बाबांचं प्रवचन चित्रित करायला गेला. जाळी तशीच आत. बाबा पांढऱ्या कपड्यांत, मागे काळा पडदा, डोक्यामागे एकखांबीनेच लावलेला झगझगीत दिवा. कॅमेऱ्याच्या वीतभर पडद्यावर उन्हात काही धड दिसत नव्हतं. घरी येऊन त्याने लेन्स काढली तेव्हा जाळी दिसली. कपाळावर हात मारून ती काढली आणि हसला. सेवकाला फोन करावा, चूक झाली म्हणावं, एक सकाळ फुकट येऊन पुन्हा चित्रण करून द्यावं, असं त्याने ठरवलंसुद्धा.

पण चित्रणाची एक प्रत सेवकाने तिथेच घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी फोन आधी त्याचाच आला. "अहो, काय करून बसलात तुम्ही! बाबांचं तेज आलंय कॅमेऱ्यात. सकाळपासून हजारो लोकांनी बघितलं."

"ते जरा, त्याचं असं झालं की..."

"ऐका तर. बाबांच्या आयुष्यावर पूर्ण सिनेमा करायचा ठरलाय. छायालेखक तुम्हीच. हाताखाली आठ माणसं देतो. आणि नाव सिनेमाच्या सुरुवातीला, एकट्याचं, पूर्ण पडद्यावर."

एकखांबीचं तोंड उघडं होतं, ते मिटलं. एवढंच घडलं. कुणी धमकावलं नाही, गळ्यावर सुरी ठेवली नाही.

पुढे त्याने ती सगळीकडे फिरलेली चित्रफीत नीट बघितली, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बाबांच्या शेजारी स्टुलावर पाण्याचा स्टीलचा पेला होता, आणि मूळ चित्रणात त्या पेल्यालाही तितकंच तेज आलं होतं. चित्रफितीत पेला नव्हता. सेवकाने तेवढी कड कापून टाकली होती. म्हणजे आपण एकटेच गप्प नाही, हे कळून एकखांबीला थोडं बरं वाटलं. बरं वाटलं याची त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

भाऊ-बहीण एकत्रच राहायचे. दोन खोल्या, खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि मशीनच्या खणात ताईच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली. ताईला काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब वाढायचा. थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे, एक वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. दोन वर्षांत ताईने एक वेळ चुकवली नव्हती. तिचं पोट डोळ्यांवर होतं, आणि भावाचे सिनेमे लागत नसत त्या महिन्यांत त्याचंही.

त्या सभेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी ती चहा ओतता ओतता म्हणाली, "अरे, तुला एक सांगायचंय. हसू नकोस. मला पण दिसायला लागलंय."

"काय?"

"तेज. संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती गोल कडं येतं. रंगीत, इतकं सुरेख. नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तुझा कॅमेरा नको की काही नको."

एकखांबीचा आयुष्यभराचा धंदा उजेडाचा. उजेड आपणहून कडी करत नाही, मध्ये काहीतरी आल्याशिवाय करत नाही, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"थेंब घालतेस ना?"

"बंद केलेत. त्या सभेपासूनच." ताईने बशी पुढे सरकवली. "बाबांनी सांगितलं ना, बाटलीतल्या पाण्याने कधी उजेड येतो का म्हणून. आणि बघ, आलाच की उजेड."

"ताई, थेंब घालत जा. दोन्ही कर. बाबा पण कर आणि थेंब पण घाल."

"म्हणजे विश्वास नाही असं होतं ते." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तू असं बोलतोस? तूच सांगितलंस ना तिथे उभं राहून, कॅमेऱ्यात आलं तेच आहे म्हणून. दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी थेंब बंद केले असते का?"

आता बोलायला हवं होतं. लेन्स आणि ती जाळी पलीकडच्या खोलीत, पेटीत होत्या. दहा पावलं चालून आणायची आणि जाळी दाखवायची. पण सोमवारी बाबांच्या सिनेमाचं शूटिंग सुरू होणार होतं, आठ माणसं ठरली होती, आणि एकखांबी चहा पिऊन उठला. शूटिंगचे पहिले दिवस उरकले की सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. असे अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत त्याने साहेबासारखं काम केलं. दिवा हलवायला माणूस, वायर ओढायला माणूस, लेन्स पुसायलाही माणूस. फक्त एक लेन्स तो कुणाला हात लावू देत नव्हता. सेवकाने पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं होतं, "तीच लेन्स लावा. तेज आलं पाहिजे." आणि एकखांबीने बाथरूमची कडी लावून, नवी चिकटपट्टी घेऊन, ती जाळी स्वतःच्या हाताने पुन्हा ताणून बसवली होती. पहिल्यांदा झाली ती चूक होती. ही चूक नव्हती.

अकराव्या दिवशी दुपारी शेजारच्या वहिनींचा फोन आला. ताईचा डावा डोळा लाल झालाय, डोकं फुटतंय, उलट्या थांबत नाहीत. मशीनची सुई बोटातून आरपार गेली ती तिला दिसलीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं, औषधं दिली, लेसर केलं, आणि दोन तासांनी बाहेर येऊन त्याच्यासमोर बसल्या.

"दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात असं म्हणाल्या होत्या का?"

"हो."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"कुणाला सांगितलं होतं?"

"मला."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हाताचा तळवा डोळ्यासमोर धरला आणि शिकवावं तसं सांगितलं. "डोळ्यातला दाब फार वाढला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात पाणी साचतं. तो सुजतो. मग दिव्याचा उजेड सरळ आत न जाता पसरतो आणि कडं दिसतं. ते कडं म्हणजे डोळा मदत मागत असतो. त्या दिवशी आणलं असतं तर थेंबांवर भागलं असतं. डाव्या डोळ्याची नस गेली, तो डोळा आता परत येणार नाही. उजवा वाचवता येईल, पण थेंब घातले तर. आणि त्या नाही म्हणताहेत."

"नाही म्हणते?"

"बाबा परीक्षा बघताहेत म्हणतात. एक डोळा घेतला, दुसऱ्याला तेज देणार म्हणतात. तुम्ही समजवा. तुमचं ऐकतील."

एकखांबी घरी गेला नाही. थेट शूटिंगच्या जागी गेला, लेन्स काढली, रुमालात गुंडाळली आणि परत आला. ताई उशीला टेकून बसली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी. त्याने लेन्सचं मागचं तोंड वर करून तिच्या हातात दिलं.

"हे काय?"

"बोट लाव. हळू."

तिने बोट लावलं. वीस वर्षं कापड हाताळणारं ते बोट मध्यावर थांबलं, मग कडेकडेने फिरलं, नागमोडी कडेवरून पूर्ण गोल फिरलं.

"ही माझी जाळी आहे," ती म्हणाली. "झग्याची. मी कापून दिली होती."

"हो. ती काढायची राहिली होती, ताई. बाबांच्या वेळी आतच होती. तेज म्हणतात ते या जाळीचं आहे. मागे दिवा, पुढे पांढरे कपडे आणि मध्ये ही. त्या दिवशी बाबांच्या शेजारी पाण्याचा पेला होता, त्यालाही तेज आलं होतं."

ताईने लेन्स मांडीवर ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मी कड्याचं सांगितलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तो रडायला लागला. ताईने त्याला जवळ घेतलं नाही, आणि तिने घ्यावं असं त्यालाही वाटत नव्हतं. तिने फक्त हात पुढे केला. "बाटली दे इकडे." उजव्या डोळ्यात तिने स्वतः थेंब घातला, डोळा मिटून मिनिटभर थांबली, मग म्हणाली, "त्या हॉलमध्ये माझ्यासारख्या किती जणांनी काय काय बंद केलंय, देव जाणे. तिथे जाऊन सांगायचं. मला जसं सांगितलंस तसंच. आणि मी येणार आहे बरोबर."

रविवारी त्याच हॉलमध्ये सिनेमाचा मोठा प्रसंग होता. खरी गर्दी, स्टेजवर खरे बाबा, आणि कॅमेऱ्यातलं चित्र तत्क्षणी मोठ्या पडद्यावर. सेवकाचीच कल्पना. एकखांबीने लेन्स लावली, दिवा लावला, आणि पडद्यावर बाबा झळाळले. लोकांच्या तोंडाचा पुन्हा आ झाला.

"मी काही करत नाही," बाबा सुरू झाले. "मी फक्त बाजूला होतो."

"मग व्हा ना जरा बाजूला," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "दोन पावलं. खुर्चीवरून उठा फक्त."

बाबांना वाटलं, शूटिंगचंच काहीतरी असेल. उठले, दोन पावलं चालून अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहिले. कॅमेरा हलला नाही. पडद्यावर रिकामी पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती, आणि तिच्या पाठीभोवती, दोन्ही हातांभोवती तोच मऊ दुधी उजेड होता. तसूभर कमी नाही.

मग मागून एक पोर खुदकन हसलं.

"खुर्चीला माझा स्पर्श झालाय," बाबा माइकवर म्हणाले. हजरजबाबी माणूस, नाही म्हणता येणार नाही.

एकखांबीने स्टेजवर जाऊन खुर्ची उचलली आणि तिच्या जागी फरशी पुसायची पांढरी बादली ठेवली. बादली झळाळली. बादलीला बाबांचा स्पर्श झाला असण्याची शक्यता कुणालाच वाटली नाही. मग त्याने सगळ्यांसमोर लेन्स काढली, जाळी ओढून काढली, लेन्स परत बसवली आणि कॅमेरा कोपऱ्यात वळवून बाबांवर धरला, दिवाही मागे नेऊन लावला. पडद्यावर पन्नाशीचा एक घामेजलेला माणूस होता. कानामागे साबण राहिला होता, तोही स्वच्छ दिसत होता.

सेवक वायर उपटायला धावला. त्याच्या आधी माइक एकखांबीच्या हातात होता.

"ही जाळी," तो म्हणाला. "मी चुकून आत ठेवली होती, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम बसवली. महिन्यापूर्वी इथेच मी म्हणालो होतो, कॅमेऱ्यात आलं तेच आहे. ते खरं होतं, पण मी तुम्हाला फसवत होतो. मला माझं नाव पडद्यावर बघायचं होतं. तुम्ही काय बंद केलं असेल ते आज सुरू करा. गोळ्या, इंजेक्शन, काय असेल ते. माझ्या बहिणीने थेंब बंद केले. तिचा एक डोळा गेला."

ताई पहिल्या रांगेतून उठली, पट्टीसकट वळून लोकांसमोर उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली. "मला दिव्याभोवती दिसत होतं ते तेज नव्हतं, आजार होता."

सगळ्यांना पटलं असं नाही. "काहीतरी असणारच, उगाच का एवढे लोक येतात," असं म्हणत काही जण घरी गेले. एका गृहस्थांनी एकखांबीच्या अंगावर बूट फेकला, तो त्याने चुकवला नाही. पण एक म्हातारी काठी टेकत टेकत ताईपाशी आली आणि बंद केलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांचं विचारू लागली. तिच्या मागे आणखी दोघं होते. त्यांच्या मागे हळूहळू रांग लागली, आणि तिकडे स्टेजवर बादली एकटीच उभी होती.

बाबांचा सिनेमा निघाला नाही. एकखांबीचं नाव कुठल्याच पडद्यावर एकट्याने आलं नाही, आणि आता तो ते मागतही नाही. पूर्वीसारखा वायरी गुंडाळतो. शूटिंग संपलं की लेन्स स्वतः उघडून, आत बोट लावून बघतो. सकाळ-संध्याकाळ ताईच्या मशीनच्या सुईत दोरा ओवून देतो, कारण एका डोळ्याने तिला सुईचं नाक नेमकं सापडत नाही. ताईने त्याला माफ केलंय की नाही हे त्याला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

मंडळी, कुठे विलक्षण उजेड दिसला तर मान तुकवण्याआधी दोन पावलं मागे जाऊन बघा, दिवा कुणी लावलाय आणि मध्ये काय ताणलंय. त्यात कुणाचा अपमान नाही. खऱ्या उजेडाला तपासणीची भीती नसते. आणि दिवा आपणच लावला असेल, जाळी आपल्याच हातची असेल, तर त्याच दिवशी सांगा. एकखांबीनेही सांगितलं होतं, पण ताईचा एक डोळा गेल्यावर.